तुटक रेघेपाशी थांबलेले डॉक्टर

मन दुखावले असे म्हणताना आपला हात नकळत छातीकडे जातो. जरा डोके चालव, असे मुलाला सांगताना मात्र बोट कपाळाकडे वळते. मन एकीकडे आणि बुद्धी दुसरीकडे, अशी वाटणी आपण बोलताबोलता करून टाकलेली असते. देह निराळा आणि आत्मा निराळा, हे आपण कीर्तनांतून ऐकत आलो. पण याच भूमीत चार्वाकही होऊन गेले. धान्य आंबले की त्यात जशी नशा उत्पन्न होते, तशी महाभूतांच्या मिश्रणातून देहात जाणीव उत्पन्न होते. तिच्यासाठी वेगळा आत्मा मानण्याचे कारण नाही, असे त्यांचे मत.

हा वाद ग्रंथांतून आणि सभांतून शतकानुशतके चालला. विसाव्या शतकात तो शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला. कॅनडातल्या माँट्रियल शहरात एका शल्यविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक रुग्णांच्या उघड्या मेंदूला विजेच्या सौम्य प्रवाहाने स्पर्श केला आणि काय वाटते ते त्या जाग्या माणसांनाच विचारले. त्या शल्यविशारदाचे नाव डॉ. वाइल्डर पेनफिल्ड. मन म्हणजे मेंदूच का, हा प्रश्न इतक्या जवळून विचारण्याची संधी त्यांच्याआधी फार थोड्यांना मिळाली असेल. मला त्यांचे चरित्र जवळचे वाटते त्याला आणखी एक कारण आहे. हा प्रश्न त्यांच्यापुढे प्रथम त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या रूपाने उभा राहिला होता.

पेनफिल्ड यांचा जन्म २६ जानेवारी १८९१ रोजी अमेरिकेतल्या स्पोकेन या गावी झाला. वडील डॉक्टर होते, पण त्यांचा व्यवसाय बसला. वाइल्डर आठ वर्षांचा असताना आई तिन्ही मुलांना घेऊन विस्कॉन्सिनमधील हडसन या गावी माहेरी परतली. ही बाई मोठी जिद्दीची. वाइल्डर तेरा वर्षांचा असताना तिला ऱ्होड्स शिष्यवृत्तीविषयी कळले. अभ्यास आणि खेळ या दोहोंत चमकणाऱ्या तरुणांना ऑक्सफर्डला पाठवणारी ती शिष्यवृत्ती आपल्या मुलाला मिळालीच पाहिजे, असे तिने ठरवून टाकले. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात हा मुलगा जिद्दीने फुटबॉल खेळला, त्यामागे आईचा हा ध्यासही होता. १९१३ साली तो पदवीधर झाला आणि अखेर ती शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेला.

तिथे त्यांना दोन गुरू भेटले. एक सर विल्यम ऑस्लर, त्या काळातले नामांकित वैद्य. दुसरे चार्ल्स शेरिंग्टन, ज्यांना मज्जासंस्थेवरील कामासाठी पुढे १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदू नावाच्या अज्ञात मुलखाची ओढ पेनफिल्ड यांना शेरिंग्टन यांच्या प्रयोगशाळेत लागली. दरम्यान पहिले महायुद्ध पेटलेले होते. मार्च १९१६ मध्ये ते ससेक्स या बोटीने इंग्लिश खाडी ओलांडत असताना जर्मन पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला. पेनफिल्ड पायाला जखम होऊन वाचले आणि बरे होईपर्यंत ऑस्लर यांच्या घरी राहिले. १९१७ साली हेलन करमॉट यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९१८ साली जॉन्स हॉपकिन्समधून ते डॉक्टर झाले.

त्या काळी मेंदूच्या शस्त्रक्रियेत रुग्ण दगावण्याचे प्रमाण मोठे होते आणि वाचलेल्यांचेही पुष्कळदा हाल होत. न्यूयॉर्कमध्ये काम करताना पेनफिल्ड यांना हे सतत टोचत असे. नुसता हात सफाईचा असून भागणार नाही, मेंदूच्या पेशी आधी नीट कळल्या पाहिजेत, असे त्यांच्या मनाने घेतले. म्हणून १९२४ साली ते माद्रिदला गेले. तिथे थोर शास्त्रज्ञ काहाल यांच्या परंपरेतले पिओ देल रिओ-ओर्तेगा पेशींना रंग देऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे तंत्र शिकवत. १९२८ साली ते जर्मनीतल्या ब्रेस्लाउ शहरी ओटफ्रिड फर्स्टर यांच्याकडे गेले. हे शहर आता पोलंडमध्ये आहे. युद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांना पुढे फिट येऊ लागत. फर्स्टर त्यांची कवटी उघडून मेंदूवरचा व्रण काढून टाकत, आणि तेही रुग्णाला पूर्ण भूल न देता.

हे ऐकताना अंगावर काटा येतो. पण मेंदूची एक गंमत आहे. साऱ्या शरीराच्या वेदना ज्याच्यामुळे कळतात, त्या मेंदूला स्वतःला कापल्याची वेदना होत नाही. डोक्याची त्वचा बधिर केली की पुरते. हे तंत्र घेऊन १९२८ सालीच पेनफिल्ड आपले सहकारी विल्यम कोन यांच्यासह माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रुजू झाले. आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात त्यांची मोठी बहीण रूथ त्यांच्याकडे आली.

रूथला मुलीच्या वयापासून फिट येत असत. आता ती सहा मुलांची आई होती आणि त्रास फार वाढला होता. तपासणीत मेंदूच्या उजव्या बाजूला, कपाळामागे, मोठी गाठ निघाली. बहिणीच्या डोक्यावर स्वतः शस्त्र चालवायचे की नाही, याचा निर्णय भावाला करायचा होता. त्यांनी ते केले. गाठ अपेक्षेपेक्षा खोलवर पसरलेली होती. कपाळामागचा उजवा भाग जवळजवळ सगळा काढूनही गाठीचे मूळ मागे राहिलेच. रूथ मात्र वाचली आणि आपल्या मुलाबाळांत परत गेली.

पुढचा प्रसंग पेनफिल्ड यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९३५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदवून ठेवला आहे. शस्त्रक्रियेला सव्वा वर्ष झाले होते. रूथचे बोलणे-चालणे, सौजन्य, माया, स्मरण, सारे ठीक दिसत होते. एके दिवशी तिने भावाला जेवायला बोलावले. पाहुणा एकटा भाऊ आणि घरातली चार माणसे, एवढ्यांचा साधा स्वयंपाक करायचा होता. पूर्वी ती तो सहज उरकत असे. तयारीला सारा दिवस हाताशी होता आणि ती आनंदातही होती. जेवणाची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरातच होती. सामान सगळे समोर होते, एक-दोन भांडी शेगडीवर होती. पण कोशिंबीर झालेली नव्हती, मांस शिजायला टाकलेलेच नव्हते, आणि दिवसभर एकटीने धडपडून ती गोंधळून रडकुंडीला आली होती. कोणीतरी मदतीला लागताच सगळे भराभर पार पडले.

मला वाटते, मन आणि मेंदू यांच्या नात्याबद्दल इतके बोलके उदाहरण मोठमोठ्या ग्रंथांत सापडणार नाही. ज्या गृहिणीने एका शेगडीवर भात, दुसरीवर आमटी ठेवून मधल्या वेळात पोळ्या लाटल्या आहेत, तिला हे चटकन समजेल. प्रत्येक पदार्थ करता येणे निराळे आणि सगळे पदार्थ एका वेळी पानात पडतील असा बेत जमवणे निराळे. रूथची माया गेली नव्हती, स्वभाव गेला नव्हता, एकेक काम येतही होते. पुढचे पाहून कामांची सांगड घालण्याची शक्ती तेवढी गेली होती, आणि ती कपाळामागच्या त्या भागाबरोबर गेली होती. ज्या गोष्टीला आपण घरात वळण, हुशारी किंवा नेटकेपणा म्हणतो, तिलाही मेंदूत जागा लागते.

रूथ शस्त्रक्रियेनंतर अडीच वर्षांनी, १९३१ साली वारली. मेंदूचे आजार, त्यांचे संशोधन आणि शिक्षण एका छपराखाली आणणारी संस्था उभारण्याचा भावाचा संकल्प त्यामुळे अधिकच पक्का झाला. रॉकफेलर प्रतिष्ठानने बारा लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली आणि सप्टेंबर १९३४ मध्ये माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. त्याच वर्षी पेनफिल्ड कॅनडाचे नागरिक झाले. या संस्थेची एक शाखा आपल्या देशातही रुजली. तिथे शिकून आलेल्या डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात भारतातला मज्जाशल्यचिकित्सेचा पहिला विभाग उभारला. मुंबईचे नामवंत मेंदूशल्यविशारद डॉ. राम गिंडे हेही माँट्रियलमध्येच शिकले होते.

आता त्या शस्त्रक्रियागृहात जाऊ. रुग्ण कुशीवर पडलेला आहे. चेहरा मोकळा राहील असा कापडाचा आडोसा केलेला आहे. आडोशापलीकडे सर्जन उभे आहेत. पेनफिल्ड यांच्या हातातल्या विद्युतशलाकेने मेंदूवर एका ठिकाणी हलका प्रवाह दिला जातो. अंगठ्याला मुंग्या आल्या, असे रुग्ण सांगतो. त्या ठिकाणी क्रमांकाची छोटी कागदी चकती ठेवली जाते आणि उत्तर लिहून घेतले जाते. मग दुसरे ठिकाण. आता ओठ हलले. तिसऱ्या ठिकाणी बोलणाऱ्याची वाचाच काही क्षण अडते.

हे कुतूहलापोटी चाललेले नव्हते. फिट जिथून सुरू होते ते ठिकाण काढायचे, पण बोलणे आणि हातपाय शाबूत ठेवायचे, यासाठी हा नकाशा हवाच होता. कित्येकांना फिट येण्याआधी एखादी ठरावीक खूण जाणवते, विशिष्ट वास येतो किंवा भीती दाटून येते. तीच खूण विजेच्या स्पर्शाने उमटली की शत्रूचे ठाणे सापडले! करपलेल्या पावाचा वास येणाऱ्या एका रुग्ण बाईंवरची छोटी फिल्म कॅनडात १९९१ साली दूरदर्शनसाठी निघाली आणि तिच्यामुळे पेनफिल्ड तिथल्या शाळकरी पोरांनाही माहीत झाले.

या नोंदींतून १९३७ साली एक विचित्र आकृती तयार झाली. शरीराच्या प्रत्येक अवयवाला मेंदूत जेवढी जागा, त्या प्रमाणात काढलेला माणूस. त्याचे ओठ, जीभ आणि हाताचे पंजे अवाढव्य, धड मात्र एवढेसे. बोलणे आणि हात वापरणे यांत मेंदूची किती शक्ती गुंतते, ते या चित्रावरून कळते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते आजही शिकवतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या नकाशात दुरुस्ती सुचवली. हात, पाय, तोंड यांच्या पट्ट्यांच्या मधे सर्व शरीराच्या हालचालींची सांगड घालणारे वेगळे भाग आहेत, असे त्यात दिसून आले.

पण पेनफिल्ड यांना सर्वांत चकित केले ते कानशिलाजवळच्या भागाने. तिथे विजेचा स्पर्श होताच काही रुग्णांना एखादा जुना प्रसंगच पुन्हा घडतो आहे असे वाटले. एका बाईंना वाद्यवृंद ऐकू आला. त्याच ठिकाणी पुन्हा स्पर्श केला की तेच गाणे पुन्हा सुरू होई. दुसऱ्या एका आईला आपण स्वयंपाकघरात आहोत आणि बाहेर अंगणात आपला मुलगा खेळतो आहे, असा भास झाला. दक्षिण आफ्रिकेतून आलेला एक तरुण घरच्या शेतावर चुलत भावंडांबरोबर हसत होता. आणि हे सारे होत असताना आपण माँट्रियलमध्ये टेबलावर पडलो आहोत, हेही त्या प्रत्येकाला ठाऊक होते.

आयुष्याची सारी फिल्म मेंदूत जपून ठेवलेली असते, असे पेनफिल्ड यांनी यावरून अनुमान काढले. ते पुढे टिकले नाही. त्यांच्याच १९६३ सालच्या अहवालानुसार कानशिलाजवळच्या भागाची अशी तपासणी झालेल्या ५२० रुग्णांपैकी फक्त ४० जणांना असे अनुभव आले होते. त्यातले काही आठवणींपेक्षा स्वप्नांच्या जवळचे होते, असे नंतरच्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आठवण दर वेळी थोडी नव्याने रचली जाते, हे आता मान्य झालेले आहे. याच संस्थेत मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी एक गंभीर गोष्ट नोंदवली होती. कानशिलामागचा आतला भाग काढल्यावर दोन रुग्णांची नवे काही लक्षात ठेवण्याची शक्तीच नाहीशी झाली. बुद्धी तशीच, पण सकाळी घडलेले दुपारी आठवत नसे. १९५५ साली मिल्नर आणि पेनफिल्ड यांनी हे दोघांच्या नावे प्रसिद्ध केले. स्वतःच्या शस्त्रक्रियेचा असा परिणाम जगापुढे मांडायला धैर्य लागते.

हालचाल, वाणी, स्मरण यांच्या जागा सापडत गेल्या. मग हे सारे अनुभवणारा मी कुठे आहे? मेंदूच्या पृष्ठभागाचे मोठे तुकडे काढले तरी माणूस बोलत राहतो, भान हरपत नाही. उलट मेंदूच्या देठाला वरच्या बाजूस लहानशी इजा झाली तरी तो बेशुद्ध होतो. तेव्हा जाणिवेची किल्ली त्या देठाजवळ असावी, असे पेनफिल्ड मानू लागले. भान जागे ठेवण्यासाठी देठातला हा भाग आवश्यक असतो, हे आज सर्वमान्य आहे. जाणीव तिथेच घडते, हे मात्र सर्वांना पटलेले नाही.

जानेवारी १९६२ मध्ये रशियन पदार्थवैज्ञानिक लेव लांदाउ मोटार अपघातात जबर जखमी झाले. त्यांना तपासायला पेनफिल्ड मॉस्कोला गेले. लांदाउ कित्येक आठवडे बेशुद्ध होते. आणखी एक तपासणी करून पाहावी, असे पेनफिल्ड यांच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी ते पत्नीला बरोबर घेऊन रुग्णाच्या खोलीत गेले. हेलन शेजारी बसून बोलू लागल्या आणि लांदाउ यांची नजर त्यांच्या चेहऱ्यावर स्थिरावली. शरीर निश्चल होते, वाचा नव्हती, पण त्या डोळ्यांमागे कोणीतरी परत आले होते. पेनफिल्ड यांनी मनातला बेत सोडून दिला. त्याच वर्षी लांदाउ यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि ते पुढे १९६८ पर्यंत जगले.

१९६० साली पेनफिल्ड संस्थेच्या संचालकपदावरून निवृत्त झाले. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, व्याख्याने दिली, आणि १९७५ साली द मिस्टरी ऑफ द माइंड हे छोटे पुस्तक लिहून आपला कौल दिला. आयुष्यभर ते मेंदूवरून मनाचा उलगडा होईल असे धरून काम करत आले होते. आता त्यांना ते अवघड वाटू लागले होते. त्यांचे कारण साधे होते. विजेच्या स्पर्शाने रुग्णाचा हात हाले, तेव्हा हात मी हलवला नाही, तुम्ही हलवलात, असे रुग्ण सांगत. आवाज निघाला तर तो तुम्ही काढायला लावलात, असे म्हणत. हालचाल, वास, आठवण, सारे विजेने उमटे. पण रुग्णाला एखादा निर्णय घ्यायला किंवा एखाद्या गोष्टीवर विश्वास ठेवायला लावणारी जागा त्यांना कुठेच सापडली नाही. तेव्हा निर्णय घेणारे मन हे मेंदूहून वेगळे तत्त्व असावे, असे मानणेच त्यांना अधिक सयुक्तिक वाटले.

त्यांच्या मृत्यूनंतर विज्ञान पुढे गेले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत मेंदूच्या एका भागाला प्रवाह दिल्यावर रुग्णांना हात हलवण्याची ऊर्मी आल्याचे दिसले. २००९ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याहून पुढची नोंद केली. मेंदूच्या मागच्या-वरच्या भागाला स्पर्श केल्यावर रुग्णांना हालचाल करण्याची इच्छा झाली. प्रवाह वाढवल्यावर तर आपण हाललो असेच त्यांना वाटले. प्रत्यक्षात एकही स्नायू हालला नव्हता. म्हणजे इच्छेलाही मेंदूत पत्ता आहे. पेनफिल्ड यांच्या युक्तिवादाचा मुख्य खांब यामुळे डळमळला, हे मान्य केले पाहिजे. पण हाडामांसाच्या या गोळ्यातून मी आहे ही जाणीव मुळात उमटते कशी, याचे सर्वांना पटणारे उत्तर अजून कोणाकडेही नाही.

क्विबेक प्रांतात मेम्फ्रेमेगॉग सरोवराकाठी पेनफिल्ड यांचे शेत होते. तिथल्या एका मोठ्या खडकावर त्यांनी फार वर्षांपूर्वी रंगाने चित्र काढले होते. एका बाजूला आत्मा या अर्थाचा ग्रीक शब्द, दुसऱ्या बाजूला माणसाचे डोके आणि त्यात प्रश्नचिन्ह. दोन्हींना जोडणारी सलग रेघ. मृत्यूच्या काही महिने आधी, आजारी असताना, थंडीसाठी अंगावर लोकरी कपडे चढवून ते त्या खडकापाशी गेले आणि ती सलग रेघ त्यांनी तुटक करून टाकली. त्यानंतर, आत्मचरित्र पुरे करून, ५ एप्रिल १९७६ रोजी माँट्रियलमध्ये त्यांनी देह ठेवला.

स्वतः पुस्तकात कौल दिल्यावरही या माणसाने खडकावरची रेघ पुरती पुसली नाही. मन आणि मेंदू यांचा संबंध आहे, पण तो कसा हे मला दाखवता येत नाही, एवढेच तिने सांगावे, असा मी तिचा अर्थ लावतो. विद्वानांना तो पुरणार नाही. घरात मात्र रूथची हकिकत आपल्या उपयोगाची आहे. पक्षाघातानंतर एखाद्या आजीला रोजचा चहा जमेनासा होतो, विस्मरणाच्या आजारात वडील तोच प्रश्न दहादा विचारतात. आपण चिडतो, मुद्दाम करतात म्हणतो. मेंदूचा एक दुवा निखळला आहे आणि ते माणूस अजून तिथेच आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. रूथच्या घरी त्या संध्याकाळी जेवण झाले, कारण कोणीतरी स्वयंपाकघरात जाऊन रूथच्या शेजारी उभे राहिले होते.